खोलायचं तर एकदाच

मालेगावात गाडी आधी खालून म्हातारी होते. इंजिन एका चावीत चालू होतं, रंग टिकून असतो, एसीही बरा असतो. पण मोसम पुलावरून कॅम्पाकडे जाताना पुढच्या चाकाखालून एक 'टक' ऐकू येतो. महिन्या-दोन महिन्यांत त्याची खडखड होते. मग स्टिअरिंग एका बाजूला ओढायला लागतं, टायर आतल्या कडेने झिजतो आणि मागच्या सीटवर बसलेली आजी म्हणते, आता या गाडीत बसवत नाही. गॅरेजमध्ये गेल्यावर तोंडातून पहिला शब्द निघतो, 'किती लागतील?' मिस्त्री एक आकडा सांगतो, आपण तो निम्म्यावर आणतो, एक भाग बदलला जातो आणि सहा महिन्यांनी गाडी पुन्हा त्याच घोडीवर चढते. या प्रकरणात तो 'किती' नीट मांडून पाहायचा आहे. दहा-पंधरा वर्षं जुन्या गाडीच्या सस्पेन्शनवर होणाऱ्या खर्चाचा मोठा भाग चुकीच्या क्रमाने केलेल्या कामात जातो, असं माझं मत आहे.

एमएच-४१ क्रमांकाच्या गाडीला रस्ते सगळ्या जातीचे मिळतात. मुंबई-आग्रा महामार्ग रुंद आणि वेगाचा आहे. चांदवडच्या बाजूला राहुड घाटात वळणावर गाडीचं सगळं वजन एका बाजूच्या चाकांवर येतं. महामार्ग सोडून मनमाडकडे किंवा सटाण्याकडे वळलं की कांद्याच्या हंगामात भरलेले ट्रक आणि ट्रॉल्या पुढे-मागे असतात आणि त्यांच्या चाकांनी दाबलेल्या डांबराच्या लाटा आपल्या वाट्याला येतात. शेवटचा किलोमीटर गल्लीतला. तिथले गतिरोधक गाडीचं सर्वात जास्त नुकसान करतात. इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकासाठी सुचवलेलं माप १० सेंटिमीटर उंच आणि गाडीच्या दिशेने ३.७ मीटर रुंद असं आहे. ताशी २५ किलोमीटरने गाडी त्यावरून सुखाने जावी हा त्यामागचा हिशेब. गल्लीत रातोरात उठलेला सिमेंटचा उंचवटा तेवढाच उंच असतो, पण रुंदीला हात-दीड हात. चाक वर चढायला आणि खाली पडायला एवढीच जागा उरली की स्प्रिंग तळापर्यंत दबते आणि धक्का रबराच्या ठोकळ्यावर जातो. दिवसातून आठ-दहा वेळा, वर्षानुवर्षं.

त्यात ऊन. उन्हाळ्यात इथला पारा ४२-४३ अंशांच्या पलीकडे जातो आणि तापलेल्या डांबरावर उभ्या असलेल्या गाडीच्या पोटाखाली तर त्याहून जास्त उष्णता साचते. सस्पेन्शनच्या सांध्यासांध्यात रबर असतं. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये रबर गंधकासोबत तापवून टिकाऊ करण्याची रीत शोधली. त्या रीतीने रबराचे धागे एकमेकांना बांधले जातात म्हणून ते ताणलं तरी परत येतं. पण उष्णता आणि हवेतला ओझोन पुढेही काम करत राहतात. रबर कडक होतं, वर बारीक चिरा पडतात आणि एक दिवस ते आतल्या लोखंडी नळीपासून सुटतं. म्हणून कमी चाललेली गाडीही यातून सुटत नाही. वर्षाला तीन-चार हजार किलोमीटर फिरलेली, बाकी वेळ दारात उभी असलेली बारा वर्षांची गाडी घ्या. तिचे बुश, म्हणजे सांध्यांतले हे रबरी भाग, बहुधा संपलेलेच निघतात. 'फक्त पन्नास हजार चाललीय' हे वाक्य इंजिनाला लागू पडतं, रबराला पडत नाही.

खाली असतं तरी काय

स्प्रिंग गाडीचं वजन पेलते. तिचा नियम रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये मांडला: जेवढा जोर, त्याच प्रमाणात दबणं. दबलेली स्प्रिंग जोर परत देते आणि एकट्या स्प्रिंगवर ठेवलेली गाडी एका खड्ड्यानंतर कितीतरी वेळ वर-खाली होत राहील. ते थांबवण्याचं काम शॉकअपचं. त्याच्या नळीत तेल असतं, दांड्याच्या टोकाला बारीक छिद्रांची झडप असते आणि गाडी हलली की तेल त्या छिद्रांतून जबरदस्तीने जातं. हालचालीचं रूपांतर उष्णतेत होतं. शॉकअप वजन पेलत नाही. त्यामुळे 'गाडी बसली, शॉकअप बदला' हा सल्ला चूक असतो. बसलेल्या गाडीत स्प्रिंग थकलेली असते. आणि चाक रस्त्याला चिकटून राहणं शॉकअपवर अवलंबून असल्यामुळे तो संपला की ब्रेक कितीही चांगला असो, खराब रस्त्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते. सस्पेन्शनकडे आरामाची बाब म्हणून पाहणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

तिसरा घटक म्हणजे सांधे: बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड, टाय रॉड एंड, शॉकअपच्या डोक्यावरचं माउंट आणि त्यातलं बेअरिंग. यंत्रमाग चालवणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. धोटा या टोकाहून त्या टोकाला फेकला जातो, त्याला फेकणारा पिकर आणि अडवणारं बफर झिजत राहतात, मागाचा लोखंडी सांगाडा मात्र पिढीभर उभा असतो. पिकर वेळेवर बदलला नाही तर मार सांगाड्याला बसतो आणि मग खरा खर्च निघतो. मालेगावने जुने माग याच समजुतीवर इतकी वर्षं चालवले आहेत. गाडीखालीही चारशे रुपयांचा सांधा वेळेत बदलला नाही तर तो चार हजारांचा टायर खातो.

आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांच्या पुढच्या चाकांत जी रचना असते तिला अमेरिकन अभियंते अर्ल मॅकफर्सन यांचं नाव आहे. १९५० च्या लंडन मोटार प्रदर्शनात फोर्डच्या कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांवर ती लोकांसमोर आली. शॉकअपची नळी, तिच्याभोवती स्प्रिंग, डोक्यावर माउंट आणि बेअरिंग, खाली चाकाचा आधार. सगळं मिळून एकच खांब, ज्याला गॅरेजात स्ट्रट म्हणतात. जागा कमी लागते, भाग कमी लागतात, म्हणून ती स्वस्त गाडीला सोयीची. मारुती ८०० पासून स्विफ्टपर्यंत पुढे हीच रचना आहे. पैशाच्या दृष्टीने तिचा एक गुण महत्त्वाचा: खांबातला कुठलाही एक भाग बदलायचा तर सगळा खांब उतरवावा लागतो, स्प्रिंग यंत्राने दाबून धरावी लागते आणि पुन्हा जोडल्यावर चाकांची अलाइनमेंट करावी लागते. भाग दोनशेचा असो की दोन हजारांचा, उघडण्याची मजुरी तीच.

त्याआधीच्या गाड्यांचं गणित वेगळं होतं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेली पद्मिनी मागच्या बाजूला पाट्यांवर उभी असे, अॅम्बॅसडरही तशीच. अॅम्बॅसडरच्या पुढच्या बाजूला टॉर्शन बार, म्हणजे पिळाने काम करणारी लोखंडी सळी. या गाड्यांना ठरावीक दिवसांनी ग्रीस भरावं लागे, पाटा तुटला तर तेवढाच पाटा बदलता येई आणि खर्च लहान लहान तुकड्यांत विभागला जाई. आजच्या गाडीच्या सांध्यात ग्रीस भरायला निपल नसतं. ती काही मागत नाही, आणि मग एकदम सगळंच मागते. जुन्या पिढीची 'थोडं थोडं करत राहू' ही सवय त्या काळी बरोबरच होती. स्ट्रटवाल्या गाडीत तीच सवय महाग पडते. मारुती ओम्नी दोन्हींच्या मधली आहे, पुढे स्ट्रट आणि मागे पाटे, त्यामुळे तिच्या मागच्या बाजूला अजूनही जुना हिशेब चालतो.

आकड्याआधी तपासणी

तपासणीशिवाय काढलेला आकडा अंदाजसुद्धा नसतो. गाडी सपाट जमिनीवर उभी करा, टायरमध्ये बरोबर हवा भरा आणि चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही ठिकाणी मोजून वहीत लिहा. डाव्या-उजव्यात बोटभर फरक असेल तर स्प्रिंगकडे पाहावं लागेल. डिकीत बाहेरून बसवलेली सीएनजीची टाकी असेल तर मागची स्प्रिंग कायमच साठ-सत्तर किलोचं जादा ओझं वाहते आहे, हेही वहीत लिहा.

मग टायरवर हात फिरवा. पट्टीवर ठरावीक अंतराने खळगे लागले तर चाक उसळत धावतं आहे, म्हणजे शॉकअप संशयित. फक्त आतली किंवा बाहेरची कड झिजली असेल तर अलाइनमेंट किंवा सैल सांधा. शॉकअपच्या नळीवर धुळीचा पातळ ओलसर थर असणं वेगळं आणि खालपर्यंत तेलाचे ओघळ असणं वेगळं. ओघळ दिसला की तो भाग संपला. बोनेट दाबून सोडण्याची चाचणी सगळे करतात. पूर्ण मेलेला शॉकअप तिच्यात सापडतो, अर्धा मेलेला बहुधा सुटतो. त्यामुळे गाडी उसळली नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका.

पुढची तपासणी मिस्त्रीकडे, गाडी वर घेऊन. चाक वर-खाली धरून हलवलं आणि खेळ लागला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडे हलवताना लागला तर टाय रॉड एंड. चाकाला खालून सांगाड्याशी जोडणाऱ्या लोअर आर्मच्या बुशला लोखंडी टॉमीने टेकू देऊन ढकललं की रबर फाटलं आहे का ते दिसतं. मालेगावच्या गॅरेजांत उर्दू, मराठी, अहिराणी सगळं चालतं. कुठल्याही भाषेत एवढंच म्हणा, 'आज काही बदलायचं नाही, फक्त बघायचंय, बघायचे पैसे घ्या.' दोन-तीनशे रुपये देऊन केलेली ही तपासणी सगळ्या हिशेबात सर्वात स्वस्त पडते. बघणाराच विकणारा असेल तर मिस्त्रीवर नाहक संशय येतो आणि बरेचदा तो संशय त्याच्यावर अन्याय करणारा असतो. त्याच्या वेळेचे पैसे दिले की तोही मोकळेपणाने सांगतो.

याच वेळी गंज पाहून घ्यायचा. मालेगावची हवा कोरडी, इथेच आयुष्य गेलेल्या गाडीचा पत्रा खालून सहसा चांगला निघतो. पण इथल्या बऱ्याच जुन्या गाड्या मुंबईहून दुसऱ्या हाताने येतात आणि तिथल्या खाऱ्या हवेची खूण पोटाखाली घेऊन येतात. स्ट्रटचं डोकं जिथे बसतं तो पत्रा आणि लोअर आर्म जिथे सांगाड्याला बोल्टने धरला जातो ती जागा, या दोन ठिकाणी गंजाने पापुद्रे सुटत असतील तर नवे भाग घेण्याचा विचार तिथेच थांबवा. पोकळ पत्र्यावर नवा स्ट्रट बसवणं धोक्याचं आहे.

आणि गाडी किती वर्षं ठेवायची आहे, हेही आधीच ठरवा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर तपासणी करून दर वेळी ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. मोटारीसाठी हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झालं आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या गाडीला ते १०,००० आहे. शिवाय राज्याचा पर्यावरण कर. चौदाव्या वर्षी गाडी विकायची असेल तर सुरक्षेपुरतं काम करा: बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, गळका शॉकअप असेल तर त्या बाजूची जोडी. नोंदणी वाढवून आणखी पाच वर्षं चालवायची असेल तर पूर्ण काम नूतनीकरणाच्या आधी करा, म्हणजे तपासणीलाही गाडी ठाकठीक जाते आणि घातलेला पैसा पाच वर्षांवर पसरतो.

हिशेब

आता आकडे. लहान पेट्रोल हॅचबॅक डोळ्यांसमोर ठेवून मांडणी समजावी म्हणून मी काही किमती धरतो आहे. तुमच्या गाडीचे भाव दुकानात विचारून यात घालायचे. मांडणी बदलत नाही.

पुढची बाजू. स्ट्रटची जोडी ४,४००, माउंट आणि बेअरिंगची जोडी १,४००, स्ट्रटमधले रबरी ठोकळे आणि धूळ अडवणारे बूट ५००. लोअर आर्म बुश आणि बॉल जॉइंटसकट मिळतो, जोडी ३,२००. लिंक रॉड दोन्ही ८००, स्टॅबिलायझर बारचे बुश २००, टाय रॉड एंड दोन्ही ८००. भागांची बेरीज ११,३००. मजुरी २,५००, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग १,०००. पुढच्या बाजूचे १४,८००.

मागची बाजू सोपी. शॉकअपची जोडी २,६००, रबरी ठोकळे ४००, अॅक्सलचे बुश १,२००, मजुरी १,५००. एकूण ५,७००.

यावर २० टक्के जादा धरायचे. ही रक्कम सोडता येत नाही, कारण दहा वर्षं न उघडलेला बोल्ट पान्याला येतोच असं नाही. तो गॅसने तापवावा लागतो, कधी कापावा लागतो, आणि कापला की तो बोल्ट व त्यातला बुश दोन्ही नवे. तेव्हा पुढची बाजू १७,७६०, मागची ६,८४०, मिळून २४,६००. स्प्रिंग आणि टायर यात नाहीत. मोजमापात स्प्रिंग बसलेली निघाली तर तिची जोडी याच वेळी घालायची, कारण खांब उतरलेलाच आहे.

एवढी रक्कम एकदम नसते, हे खरं. इथल्या मागावरची मजुरी आठवड्याला मिळते, घरखर्चही आठवड्याच्या मापाने चालतो, म्हणून बचतही तशीच मोजू. आठवड्याला ५०० बाजूला टाकले तर सगळ्या कामाला ५० आठवडे लागतात, फक्त पुढच्या बाजूला ३६. इथे बहुतेक जण पैशाचे तुकडे पाडतात ते भागांप्रमाणे: आता स्ट्रट, दिवाळीला माउंट, पुढच्या वर्षी आर्म. तुकडे पाडा, पण बाजूप्रमाणे पाडा. पुढची बाजू पूर्ण, मग थांबा, मग मागची बाजू पूर्ण. १,४०० चं माउंट आज वाचवलं आणि आठ महिन्यांनी ते वाजायला लागलं तर तेच दोन खांब पुन्हा उतरतील, त्याच स्प्रिंगा पुन्हा दाबल्या जातील, अलाइनमेंट पुन्हा होईल. वाचलेल्या १,४०० साठी दोन-अडीच हजार मोजून वर माउंट विकत घ्यावंच लागेल. जुनं माउंट हाताला ठीक वाटलं तरी खांब उतरलाय तर ते बदला. पुढच्या वर्षी उघडावी लागेल अशी कुठलीही गोष्ट आज उघडलेल्या जागेत मागे ठेवायची नाही.

एक अपवाद. चाकाला धरून ठेवणारा सांधा, म्हणजे बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड, हातात खेळ दाखवत असेल तर ३६ आठवडे थांबायचं नाही. तो निखळला तर चाक हवं तिकडे वळतं, आणि ते राहुड घाटात होऊ शकतं. तेवढं काम त्याच दिवशी करा, मजुरी दोनदा गेली तरी जाऊ द्या.

शॉकअप आणि स्प्रिंग नेहमी जोडीने. डावा नवा आणि उजवा बारा वर्षांचा असला की ब्रेक मारताना आणि वळताना दोन्ही बाजू वेगवेगळ्या वागतात. बुशच्या बाबतीत कंजूसपणाला थोडी जागा आहे: लोअर आर्मचं लोखंड सरळ आणि बॉल जॉइंट घट्ट असेल तर फक्त बुश काढून प्रेसवर नवे बसवता येतात आणि आर्मच्या किमतीतले निम्म्याहून जास्त पैसे वाचतात. पण प्रेस हवा. हातोड्याने ठोकून बसवलेला बुश आतून आधीच दुखावलेला असतो.

कुठला भाग घ्यायचा

दुकानात तीन तऱ्हा मिळतात. गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला भाग, तो भाग बनवणाऱ्या उत्पादकाच्या स्वतःच्या खोक्यातला आणि कुणाचाच नसलेला. दुसरी तऱ्हा मला सर्वात शहाणपणाची वाटते. शॉकअप बनवणारे आपल्या जिल्ह्यापासून दूर नाहीत. १९६१ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या गॅब्रिएल इंडियाचा एक कारखाना नाशिकलाच आहे. अशा उत्पादकांचा माल गाडीच्या कारखान्यातही जातो आणि सुट्या बाजारातही येतो. सुट्या बाजारात तो अनेकदा स्वस्त पडतो. नकली खोके मात्र याच तऱ्हेचे जास्त, म्हणून छापील किंमत, पार्ट नंबर आणि पक्कं बिल यांशिवाय घेऊ नका. गाडीच्या सुट्या भागांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी बहुतेक भागांवर २८ होता. मूळ भाव तोच असेल तर शंभराला १२८ पडणारी वस्तू ११८ ला पडायला हवी. जुन्या छपाईचा खोका पुढे आला तर एवढं विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

कुणाचाच नसलेला माल कुठे चालतो? स्टॅबिलायझर बारच्या बुशसारख्या साध्या, दिसणाऱ्या, वीस मिनिटांत बदलता येणाऱ्या वस्तूत एखादे वेळी चालेल. बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंडमध्ये अजिबात नाही. कापून, तेल भरून, पुन्हा वेल्डिंग केलेला शॉकअप पुढच्या बाजूला घालू नका. स्ट्रटची नळी चाकाला धरून ठेवते, तिच्यावर वेल्डिंगचा डाग नको. भंगारातून काढलेली स्प्रिंग आधीच किती वर्षं थकलेली आहे हे कुणीच सांगू शकत नाही, तेव्हा तिचा स्वस्तपणा मोजता येत नाही. लोखंडी नळी किंवा बाही खराब झाली असेल तर मात्र लेथवाल्याकडे जाण्यात कमीपणा नाही. मागाचे भाग कातणाऱ्या या गावात चांगला हात मिळतो आणि जुन्या, भाग बंद झालेल्या गाड्या अशा हातांमुळेच रस्त्यावर आहेत.

बसलेली गाडी उचलायला स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये रबराचे बफर घालण्याची फॅशन आहे. गाडी दिसायला वर येते. पण ज्या वेटोळ्यांत बफर बसतो ती हलायची थांबतात आणि सगळा ताण उरलेल्या वेटोळ्यांवर जातो. थकलेल्या स्प्रिंगचा तो उपाय नाही. हजारभर रुपये त्यात घालण्याऐवजी स्प्रिंगच्या जोडीसाठी ठेवा.

बसवताना उभं राहा

काम चालू असताना एक गोष्ट स्वतः पाहा, तिला एक पैसा लागत नाही. लोअर आर्मच्या बुशमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. आर्म वर-खाली झाला की ते पिळलं जातं आणि परत येतं. गाडी घोडीवर, चाकं लोंबकळत असताना बुशचा बोल्ट पूर्ण आवळला तर रबराची 'सरळ' जागा तीच ठरते. गाडी खाली उतरली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. म्हणून बोल्ट आधी हलके लावायचे, गाडीचं वजन चाकांवर आणायचं आणि मग शेवटचा आवळ द्यायचा. 'नवे बुशसुद्धा वर्षभर टिकले नाहीत' या तक्रारीमागे कित्येकदा एवढंच असतं. अनुभवी मिस्त्रीला हे माहीत असतं. घाईत राहून जातं. आदराने आठवण करून द्या.

स्ट्रटची स्प्रिंग घरी उघडण्याचा मोह मात्र आवरा. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हाडं मोडते. तिला धरणारं यंत्र ज्या गॅरेजात धड नाही, तिथे हे काम देऊ नका.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. सैल सांध्यांवर केलेली अलाइनमेंट टिकत नाही, दुकानाच्या यंत्रावर आकडे हिरवे दिसतात आणि मनमाड चौफुलीपर्यंत बिघडतात. काम झाल्यावर चारही कोपऱ्यांचं माप पुन्हा वहीत लिहा, किलोमीटर लिहा, बदललेल्या भागांचे नंबर लिहा, काढलेले जुने भाग मागून घेऊन एकदा हाताळून पाहा. पाचशे-हजार किलोमीटरनंतर बोल्टचा आवळ तपासून घ्या. चांगली गॅरेजं त्याचे पैसे मागत नाहीत.

पुढची बाजू झाली की खडखड थांबते, गाडी सरळ धावते आणि घरात समाधान पसरतं. याच टप्प्यावर मागच्या बाजूचा विसर पडतो, कारण ती आवाज करत नाही. मागचे शॉकअप संपलेले असले तर भरलेल्या गाडीचं शेपूट वेगात डुलतं, आणि पुढची बाजू नवी, घट्ट झाल्यामुळे चालवणाऱ्याला ते उशिरा कळतं. तेव्हा ३६ व्या आठवड्यानंतर ५०० चा नेम मोडू नका. अजून चौदा आठवडे, आणि मग मागची ६,८४० ची बाजू.